गरोदर आणि बाळंतिणीचा घातक रक्तदाब

गरोदरपणाचे २० आठवडे उलटल्यावर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला आणि किमान ४ तासांच्या अंतराने पुन्हा मोजल्यावरही तेवढाच आढळला, तर तो वाढलेला मानतात. वरचा आकडा १४० झाला, किंवा खालचा ९० झाला, तरी पुरे. दोन्ही वाढण्याची वाट पाहायची नसते. वरचा १६० किंवा खालचा ११० झाला की तो तीव्र रक्तदाब. तिथे ४ तास थांबायला सवड नाही. १५ मिनिटांनी पुन्हा मोजून खात्री करायची आणि लगेच औषध सुरू करायचे. इतका चढलेला रक्तदाब मेंदूतली रक्तवाहिनी फोडू शकतो.

जगभरात बाळंतपणाशी निगडित मृत्यूंत अतिरक्तस्रावाच्या खालोखाल या रक्तदाबाचा वाटा येतो. साधारण सात मातामृत्यूंमागे एक त्यामुळे होतो. महाराष्ट्रात २०१८-२० या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. देशाचा आकडा तेव्हा ९७ होता. राज्याची स्थिती तुलनेने चांगली आहे. तरीही उरलेल्या मृत्यूंपैकी रक्तदाबामुळे होणारे बहुतेक टाळता येण्याजोगे आहेत, कारण हा आजार दंडाला पट्टा बांधून काही मिनिटांत सापडतो आणि त्यावरची औषधे स्वस्त आहेत.

आजाराचे प्रकार

काही स्त्रियांना गरोदर राहण्याआधीपासूनच रक्तदाब असतो. काहींचा २० आठवड्यांनंतर प्रथमच वाढतो, पण इतर अवयवांना इजा झालेली नसते; याला गरोदरपणातला उच्च रक्तदाब म्हणतात. वाढलेल्या रक्तदाबाबरोबर लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा मूत्रपिंड, यकृत, रक्तातल्या प्लेटलेट, फुप्फुसे, मेंदू यांच्यावर परिणाम दिसू लागला, की तो प्री-एक्लॅम्पशिया होतो. लघवीत प्रथिने सापडली नाहीत म्हणून प्री-एक्लॅम्पशिया नाही, असे आता मानत नाहीत. प्लेटलेट एक लाखाच्या खाली जाणे किंवा यकृताच्या तपासणीतले आकडे दुप्पट होणे एवढ्यावरही निदान होते. प्री-एक्लॅम्पशियात आकडी आली की ती एक्लॅम्पशिया. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरकडच्या गावांत याला ‘झटके आले’ असे म्हणतात.

याचाच एक उग्र प्रकार हेल्प सिंड्रोम या नावाने ओळखला जातो. त्यात तांबड्या पेशी फुटतात, यकृताला इजा होते आणि प्लेटलेट झपाट्याने घटतात. काही वेळा अशा स्त्रीचा रक्तदाब फारसा चढलेलाही नसतो आणि पोटाच्या वरच्या भागातले दुखणे हीच एकमेव तक्रार असते.

हे का होते

आजाराचे मूळ वारेत आहे. गर्भ रुजताना वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीतल्या नागमोडी धमन्यांत शिरतात आणि त्या रुंद करतात, म्हणजे बाळाला भरपूर रक्त मिळते. प्री-एक्लॅम्पशियात हे काम अर्धवट राहते. धमन्या अरुंदच राहतात, वारेला रक्त कमी पडते आणि ती आईच्या रक्तात अशी प्रथिने सोडते, की त्यांनी शरीरभरच्या रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर बिघडते. रक्तवाहिन्या आक्रसल्या की रक्तदाब चढतो, त्यांतून पाणी झिरपले की सूज येते, मूत्रपिंडाची गाळणी सैल झाली की लघवीतून प्रथिने जातात. बाळालाही रक्त कमी मिळते, म्हणून त्याची वाढ खुंटते.

बिघाड पहिल्या काही महिन्यांत होतो आणि त्याचा परिणाम बहुधा सातव्या-आठव्या महिन्यात दिसतो. म्हणजे बाईने काही वावगे खाल्ले, चिंता केली किंवा जड काम केले म्हणून हा आजार होत नाही. घरात तिला दोष देण्याला काहीही आधार नाही.

कोणाला धोका जास्त

पहिलटकरणीला धोका अधिक असतो. आधीच्या बाळंतपणात हा त्रास झालेला असेल, आई किंवा बहिणीला झाला असेल, जुळी असतील, आधीपासून रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, वजन फार जास्त असेल, वय पस्तिशीपुढे असेल किंवा दोन बाळंतपणांत दहा वर्षांहून अधिक अंतर पडले असेल, तर विशेष लक्ष हवे.

पूर्व विदर्भात या यादीत आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे सिकलसेल. भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. हा आजार असलेल्या स्त्रीला प्री-एक्लॅम्पशियाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तिचे अंगदुखीचे झटके आणि रक्तक्षय यांकडे सगळ्यांचे लक्ष जाते आणि रक्तदाब मोजायचा राहून जाऊ शकतो. म्हणून तिच्या प्रत्येक तपासणीत सिकलसेलचा त्रास आणि रक्तदाब या दोन्हींची नोंद व्हायला हवी.

मात्र ज्यांच्यात यांपैकी एकही कारण नाही अशा स्त्रियांनाही हा आजार होतो. त्यामुळे यादीत न बसणाऱ्या बाईला मोजमापातून सूट नाही.

मोजणी कशी व्हावी

रक्तदाब वाढला म्हणून दुखत नाही. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून भाताची रोपे लावणाऱ्या बाईला थकवा येतो, पाय सुजतात, डोके दुखते. त्यांतले किती रोवणीचे आणि किती रक्तदाबाचे, हे तिलाच काय, डॉक्टरांनाही नुसते पाहून सांगता येत नाही. ते यंत्रच सांगते.

मोजण्याआधी बाईने ५ मिनिटे शांत बसावे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट आणि लघवी करून आलेली असावी. पट्टा उघड्या दंडावर बांधावा, साडीच्या किंवा ब्लाउजच्या बाहीवरून नाही. दंड हृदयाच्या पातळीवर टेकवावा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा खोटा वाढतो, बारीक दंडाला मोठा पट्टा बांधला की खोटा घटतो. मोजताना बोलू नये. पहिल्या भेटीत दोन्ही हातांवर मोजून जास्त येणारा हात पुढे कायम ठेवावा. बाजारातली काही डिजिटल यंत्रे प्री-एक्लॅम्पशियात खरा रक्तदाब कमी दाखवतात. घरी यंत्र असेल तर ते एकदा दवाखान्यातल्या यंत्राशी ताडून पाहावे.

प्रत्येक तपासणीला रक्तदाबाबरोबर लघवीची पट्टीही बुडवून पाहावी आणि दोन्ही आकडे माता-बाल संरक्षण कार्डावर लिहावेत. कार्डावरचा जुना आकडा फार उपयोगाचा असतो. चौथ्या महिन्यात १००/६० असलेल्या बाईचा आठव्या महिन्यात १३६/८६ आला, तर तो १४०/९० च्या आत असला तरी तिला आठवडाभरात पुन्हा बोलावणे शहाणपणाचे ठरते.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. हा कार्यक्रम २०१६ पासून चालू आहे. पण सातव्या महिन्यानंतर महिन्यातून एकच मोजणी पुरत नाही. प्री-एक्लॅम्पशिया दोन भेटींच्या मधल्या दिवसांतही उग्र होऊ शकतो. म्हणून शेवटच्या महिन्यांत उपकेंद्रात किंवा आशा ताईंमार्फत मधली मोजणी व्हायला हवी.

धोक्याची लक्षणे

पुढीलपैकी काहीही आढळले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी, त्याच तासाला रक्तदाब मोजून घ्यावा:

- साध्या गोळीने न थांबणारे तीव्र डोकेदुखीचे ठणके
- डोळ्यांपुढे अंधारी, काजवे चमकणे, धूसर किंवा दुहेरी दिसणे
- छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात किंवा उजव्या बरगडीखाली दुखणे, सोबत मळमळ किंवा उलटी
- चेहऱ्यावर आणि हातांवर अचानक आलेली सूज, अंगठी किंवा बांगडी घट्ट होणे
- लघवी कमी होणे
- दम लागणे, आडवे झाल्यावर श्वास कोंडणे
- बाळाची हालचाल कमी वाटणे

यांतले पोटाच्या वरच्या भागातले दुखणे सर्वाधिक फसवते. ‘पित्त झालंय’ म्हणून आम्लपित्ताची गोळी घेतली जाते, आणि तिकडे यकृताला सूज येत असते. आठव्या-नवव्या महिन्यातले किंवा बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यातले असे दुखणे रक्तदाब मोजल्याशिवाय पित्त मानू नये. पायावरची सूज मात्र अनेक निरोगी गरोदर स्त्रियांनाही असते. ती असली म्हणून आजार आहे असे नाही, आणि नसली म्हणून आजार नाही असेही नाही.

बाळंतपणानंतरचे दिवस

बाळ आणि वार बाहेर आली की आजाराचे मूळ जाते, पण आजार लगेच जात नाही. गरोदरपणात अंगात साठलेले पाणी परत रक्तात येते आणि बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तदाब सर्वांत वर जातो. बाळंतपणानंतरची आकडी बहुधा पहिल्या ४८ तासांत येते, पण काहींना त्यानंतरही, सहा आठवड्यांपर्यंत कधीही येऊ शकते. गरोदरपणभर रक्तदाब व्यवस्थित असलेल्या बाईलाही बाळंतपणानंतर प्रथमच प्री-एक्लॅम्पशिया होऊ शकतो.

नेमक्या याच दिवसांत तिच्यावरची नजर सुटते. साध्या बाळंतपणानंतर ४८ तासांनी दवाखान्यातून सुट्टी मिळते. बाई घरी, पुष्कळदा माहेरी जाते. तुमसर तालुक्याच्या उत्तरेला मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा लागून आहे. सासर तुमसरकडे आणि माहेर बालाघाटकडे, किंवा उलट, अशा सोयरिकी या भागात होतात. गरोदरपणाच्या नोंदी एका राज्यात आणि बाळंतीण दुसऱ्या राज्यात, असे झाले की तिला रक्तदाब होता हे तिथल्या आशा ताईंना कळत नाही. कार्ड आणि सुट्टीचा कागद सोबत नेणे म्हणून अत्यावश्यक आहे. घरात सगळ्यांचे लक्ष बाळावर असते. बाळंतिणीची डोकेदुखी जागरणाची, तिची बेचैनी अशक्तपणाची ठरवली जाते.

आशा ताई नवजात बाळाला पाहायला ३ऱ्या, ७व्या, १४व्या, २१व्या, २८व्या आणि ४२व्या दिवशी घरी येतात. त्या भेटीत बाळाचे वजन होते. त्याच भेटीत आईचा रक्तदाब मोजला गेला, तर तिसऱ्या आणि सातव्या दिवसाची मोजणी आपोआप होते. ज्या बाईला आधीपासून रक्तदाब होता तिची मोजणी या दिवसांत याहून अधिक वेळा व्हावी. बरे वाटते म्हणून गोळ्या मनाने बंद करू नयेत. अंगावर पाजणाऱ्या आईला चालतील अशी औषधे उपलब्ध आहेत, त्यामुळे दूध तोडण्याची गरज नसते.

बाळंतपणावेळची एक खबरदारी दवाखान्याने घ्यायची असते. रक्तस्राव थांबवण्यासाठी दिले जाणारे मेथर्जिनचे इंजेक्शन रक्तदाब एकदम चढवते. अशा बाईला ते देत नाहीत, ऑक्सिटोसिन देतात.

झटके आले तर

आकडीत शरीर ताठ होते, हातपाय झटकले जातात, दातखीळ बसते आणि नंतर काही वेळ शुद्ध नसते. याला बाहेरची बाधा समजून मांत्रिकाकडे नेण्यात गेलेला तास जिवावर बेततो. २० आठवड्यांपुढची गरोदर किंवा नुकती बाळंत झालेली बाई आकडीत असेल, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत ती एक्लॅम्पशियाच समजायची.

तिला डाव्या कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या कठीण वस्तू दूर कराव्यात आणि १०८ ला फोन करावा. तोंडात चमचा, कापड किंवा बोट घालू नये. पाणी पाजू नये. हातपाय दाबून धरू नयेत. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने काही होत नाही. आकडी थांबली तरी दवाखान्यात न्यायचेच, कारण पुढची आकडी कधी येईल सांगता येत नाही.

उपचार

उपचाराचे तीन भाग आहेत: आकडी रोखणे, रक्तदाब उतरवणे आणि योग्य वेळी बाळंतपण करणे.

आकडीवरचे औषध मॅग्नेशियम सल्फेट. ते कितपत उपयोगी आहे याचा वाद दोन मोठ्या अभ्यासांनी मिटवला. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत डायझेपाम आणि फेनिटॉइन या दोन्ही औषधांपेक्षा मॅग्नेशियमने पुन्हा येणाऱ्या आकड्या कितीतरी कमी केल्या. २००२ च्या मॅगपाय चाचणीत ३३ देशांतल्या १० हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. प्री-एक्लॅम्पशिया असलेल्यांत आकडी येण्याचे प्रमाण मॅग्नेशियमने निम्म्याहून खाली आणले. भारतात एएनएम सिस्टरलाही पहिली मात्रा देण्याची परवानगी आहे: प्रत्येक कुल्ल्यात ५ ग्रॅम, असे एकूण १० ग्रॅम खोल स्नायूत देऊन लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवायचे. पुढच्या मात्रांपूर्वी गुडघ्याचा झटका, श्वासाची गती आणि लघवीचे प्रमाण तपासतात. औषध जास्त झाले तर कॅल्शियम ग्लुकोनेट हा उतारा तयार ठेवतात. बाळंतपण किंवा शेवटची आकडी, यांपैकी जे नंतर घडले असेल, त्यापुढे २४ तास मॅग्नेशियम चालू राहते.

रक्तदाब उतरवण्याबाबतचा एक महत्त्वाचा अभ्यास नागपुरात झाला. भंडारा जिल्ह्यातल्या अवघड बाळंतपणाच्या रुग्णांना ज्या शहराकडे पाठवतात, तेच हे शहर. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डागा स्मृती स्त्री रुग्णालय या दोन सरकारी रुग्णालयांत एप्रिल २०१५ ते ऑगस्ट २०१७ या काळात तीव्र रक्तदाबाच्या ८९४ गरोदर स्त्रियांना निफेडिपिन, लॅबेटॅलॉल किंवा मिथिलडोपा यांपैकी एक औषध तोंडावाटे दिले गेले. डॉ. शुचिता मुंडले या अभ्यासाच्या प्रमुख संशोधकांपैकी एक. ६ तासांत कोणतीही गुंतागुंत न होता रक्तदाब आटोक्यात येण्याचे प्रमाण निफेडिपिन घेतलेल्यांत ८४ टक्के, लॅबेटॅलॉल घेतलेल्यांत ७७ टक्के आणि मिथिलडोपा घेतलेल्यांत ७६ टक्के होते. हे निष्कर्ष २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले.

शिरेतून औषध देण्याची आणि त्यावर सतत लक्ष ठेवण्याची सोय नसलेल्या दवाखान्यांना या निष्कर्षांचा मोठा आधार आहे. तीनही गोळ्या लहान दवाखान्याच्या कपाटात मावतात आणि तीव्र रक्तदाबावर त्या काम करतात. म्हणजे बाई रुग्णवाहिकेत बसण्यापूर्वीच उपचार सुरू होऊ शकतो. निफेडिपिन गिळायचे असते. ते जिभेखाली दिले तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो आणि बाळाला धोका होतो.

आजार मुळापासून जातो तो बाळंतपणानेच. ३७ आठवडे पूर्ण झाले असतील तर बाळंतपण लांबवण्यात लाभ नाही. आजार उग्र असेल तर ३४ आठवड्यांनंतर, आणि आईचा जीव धोक्यात असेल तर त्याहूनही आधी बाळंतपण करावे लागते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे तयार व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. प्रत्येक वेळी सिझेरियनच लागते असे नाही. नागपूरच्याच दोन सरकारी रुग्णालयांत रक्तदाब असलेल्या ६०२ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कळा आणण्याच्या दोन पद्धतींची तुलना झाली. तोंडावाटे मिसोप्रोस्टॉलच्या कमी मात्रा दिलेल्यांपैकी ५७ टक्के, तर फोलीचा फुगा वापरलेल्यांपैकी ४७ टक्के स्त्रिया २४ तासांत नैसर्गिक मार्गाने बाळंत झाल्या.

तुमसरहून पुढचा प्रवास

गोबरवाही, नाकाडोंगरी, लेंडेझरी, सिहोरा अशा गावांतल्या बाईसाठी साखळी साधारण अशी असते: उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, तुमसरचे उपजिल्हा रुग्णालय, भंडाऱ्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय आणि तिथून सुमारे ६० किलोमीटरवरचे नागपूर. प्रत्येक टप्प्यावर गाडी शोधणे, कागद करणे, पुन्हा तपासणे यांत वेळ जातो. रक्तदाब १६०/११० असलेली किंवा झटके आलेली बाई निघण्यापूर्वी तिला रक्तदाबाची गोळी आणि मॅग्नेशियमची पहिली मात्रा मिळालेली असावी. किती वाजता काय दिले ते चिठ्ठीवर लिहिलेले असावे आणि पुढच्या रुग्णालयाला फोन झालेला असावा. चिठ्ठीवर वेळ नसेल तर पुढचे डॉक्टर औषध पुन्हा देण्यास कचरतात, किंवा दुप्पट देतात.

गरोदर आणि बाळंतिणीसाठी १०२ क्रमांकाची मोफत गाडी असते. जीवघेण्या प्रसंगी १०८ बोलवावी. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त आणि ने-आण मोफत आहे. सातव्या महिन्यातच घरच्यांनी कोणत्या रुग्णालयात जायचे, सोबत कोण जाईल, रक्त कोण देईल हे ठरवून ठेवावे.

टाळता येते का

पूर्णपणे नाही, पण धोका कमी करता येतो. जोखीम जास्त असलेल्या स्त्रीला डॉक्टर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, शक्यतो १६ आठवड्यांपूर्वी, कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन रोज रात्री सुरू करतात. २०१७ च्या एका मोठ्या चाचणीत जोखमीच्या स्त्रियांनी १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन घेतल्यावर ३७ आठवड्यांपूर्वी होणारा प्री-एक्लॅम्पशिया निम्म्याहून कमी झाला. पाचव्या-सहाव्या महिन्यात सुरू केल्यास तेवढा लाभ मिळत नाही. म्हणून नावनोंदणी पहिल्या तीन महिन्यांत होणे गरजेचे आहे.

आहारात कॅल्शियम कमी असलेल्या स्त्रियांना त्याच्या गोळ्यांचा उपयोग होतो. सरकारी कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा देतात. ती लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नये, दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवावे. अळणी जेवणाने किंवा दिवसभर खाटेवर पडून राहण्याने प्री-एक्लॅम्पशिया टळत नाही.

पुढच्या आयुष्यात

बहुतेक स्त्रियांचा रक्तदाब बाळंतपणानंतर १२ आठवड्यांत पूर्ववत होतो. तोवर उतरला नाही तर तो कायमचा रक्तदाब समजून तपासण्या कराव्या लागतात. पुढच्या खेपेला प्री-एक्लॅम्पशिया पुन्हा होण्याची शक्यता साधारण सहात एक असते. आजार लवकर सुरू झाला असेल तर त्याहून जास्त. हा आजार झालेल्या स्त्रियांत उतारवयात उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि पक्षाघाताचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट किंवा त्याहून अधिक असते. म्हणून तिने वर्षातून एकदा तरी रक्तदाब, साखर आणि वजन तपासून घ्यावे, आणि पुढे कोणत्याही आजारासाठी डॉक्टरांकडे गेल्यावर बाळंतपणात रक्तदाब वाढला होता हे आवर्जून सांगावे.